सिनॉप्सिस ते सबमिशन: थिसिसवाल्यांना खरंच लागणारी ऑनलाइन टूल्स

थिसिसचा विषय अजून ठरलेला नसतो पण मोबाइलमध्ये डझनभर ॲप येऊन पडलेली असतात, पुण्यातल्या बहुतेक फर्स्ट इयर रेसिडेंट मंडळींचं हेच चालू असतं. सीनियरने फॉरवर्ड केलेली लिस्ट, कुठल्यातरी वर्कशॉपची पीडीएफ, शिवाय यूट्यूबवर रोज नवीन एआय टूल. माझं मत विचाराल तर टूल्स पाच-सहाच पुरतात, पण कुठलं कधी उघडायचं हा क्रम चुकला की पुढे जाम महागात पडतं. रिव्ह्यू लिहून झाल्यावर झोटेरो (रेफरन्स सांभाळणारं ॲप) टाकायचं, अर्धे पेशंट घेऊन झाल्यावर सीटीआरआय (ट्रायल नोंदवायचं रजिस्टर) आठवायचं, सॅम्पल साइज शेवटी स्टॅटिस्टिशियनकडून 'बसवून' घ्यायची, हे दर वर्षी दर बॅचला होतं. म्हणून खाली सगळं कामाच्या क्रमाने लिहितोय. एमडी-एमएसवाले डोळ्यासमोर आहेत, पण आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी, पीएचडी, सगळ्यांना बऱ्यापैकी लागू पडेल.

आधी एक वाक्य, मग पबमेड

गाइडने "डायबिटीसवर काहीतरी कर" म्हटलं की लगेच लॅपटॉप उघडू नका. कागदावर एक वाक्य लिहा, कुठले पेशंट, त्यांच्यात काय बघणार, तुलना कोणाशी, आणि शेवटी मोजणार काय. यालाच पिको म्हणतात, लेक्चरमध्ये झोप आणतो पण पुढचा सगळा सर्च ह्यावरच उभा राहतो. वाक्य जमत नसेल तर विषय ठरलेला नाही, परत गाइडकडे जा.

आता पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची साइट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, फुकट आहे, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पहिल्याच दिवशी अकाउंट काढा, गूगलच्या लॉगिननेही होतं, कारण सर्च सेव्ह करणं आणि नवीन पेपर आला की मेल येणं हे दोन्ही त्याच्यावरच चालतं.

जवळचंच उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी ह्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस, नसांचा आजार) पेशंट अचानक वाढले आणि एनआयव्ही ह्या पुण्यातल्या विषाणू संस्थेने तपासलेल्या काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. समजा यावर रिव्ह्यू लिहायचाय. बहुतेक जण काय करतात, सर्चच्या खिडकीत 'जीबीएस' आणि 'पुणे' टाकून मोकळे होतात. मग नवजात बाळांच्या सेप्सिसचे पेपर का येतायत म्हणून डोकं खाजवतात, तर ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसलाही जीबीएसच म्हणतात! शॉर्टफॉर्मवर कधीच विसंबू नका.

त्याऐवजी ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जा आणि एकेक कल्पना वेगळी शोधा. पहिल्यांदा फक्त आजार, पूर्ण नावाने. मेश नावाची पबमेडची स्वतःची शब्दांची डिक्शनरी आहे, तिथून आजाराचं अधिकृत नाव उचला, शिवाय तेच नाव टायटल आणि ॲबस्ट्रॅक्टमध्येही शोधा, कारण अगदी ताज्या पेपरांना मेशचं लेबल लागलेलं नसतं. दुसऱ्यांदा फक्त कॅम्पायलोबॅक्टर. तिसऱ्यांदा जागा, म्हणजे इंडिया किंवा महाराष्ट्र किंवा पुणे, आणि हो, 'पूना' हे जुनं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा टाका, नाहीतर सत्तरच्या दशकापर्यंतचं पुण्यातलं बरंचसं काम तुमच्या हाती लागणारच नाही. मग खाली हिस्टरीत ह्या तीन ओळी दिसतील, त्या अँडने जोडायच्या. एका ओळीतले पर्याय ऑरने, ओळी एकमेकींना अँडने. हे शब्द इंग्रजी कॅपिटलमध्येच टाइप करायची सवय लावा.

हिस्टरीत प्रत्येक सर्चशेजारी डिटेल्सचा छोटा बाण असतो, तो कोणी उघडतच नाही. उघडा. तुम्ही टाइप केलेल्याचं पबमेडने काय करून घेतलं ते तिथे दिसतं. साधं 'हार्ट अटॅक' टाकलं तरी ते आपणहून मायोकार्डियल इन्फार्क्शनच्या मेशवर नेतं, ॲनिमियाचं ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगही सांभाळून घेतं. पण तुम्ही अवतरण चिन्ह लावलं किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन (*) टाकलं की ही सोय बंद होते, आणि मग रिझल्ट अचानक निम्मे झाले म्हणून लोक घाबरतात. फायनल सर्च आणि त्याची तारीख एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला (ठरावीक पद्धतीने सगळे पेपर शोधून केलेल्या आढाव्याला) तर ती द्यावीच लागते.

गूगल स्कॉलर वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. एखादा चांगला पेपर सापडला की त्याला पुढे कोणी कोणी साइट केलं ते बघायला उत्तम. मुख्य सर्च मात्र त्यावर नको, एका सर्चचे हजारच्या पुढचे रिझल्ट तो दाखवत नाही आणि तोच सर्च परत तसाच येईल याचीही खात्री नाही. उपचारांबद्दलचा प्रश्न असेल तर कोक्रेन हा अशा रिव्ह्यूंचा संग्रहही चाळा, ॲबस्ट्रॅक्ट आणि सोप्या भाषेतला सारांश सगळ्यांना खुला असतो. आयुर्वेदवाल्यांनी पबमेडबरोबर आयुष रिसर्च पोर्टल बघायचं, आणि संहितेतला संदर्भ कोणाच्या तरी पीपीटीवरून न घेता ई-संहितेत मूळ सूत्र काढून घ्यायचं, तिथे सर्च करता येतो.

इंट्रोडक्शनमध्ये आकडे टाकताना कम्युनिटी मेडिसिनच्या जुन्या पुस्तकातले नकोत. एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, त्याच्या जिल्हावार फॅक्टशीट फुकट आहेत, पुणे जिल्ह्याचीही आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, हा आकडा तिथलाच. राज्याचा, जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवलात तर एक्झामिनरही खूश.

फुल टेक्स्ट कुठून आणायचा

सरकारी कॉलेज किंवा सरकारी संशोधन संस्थेत असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे. १ जानेवारी २०२५ पासून चालू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची योजना. गंमत म्हणजे कितीतरी रेसिडेंटना आपल्या कॉलेजला ॲक्सेस आहे हेच माहीत नसतं. लायब्ररीत जाऊन विचारा, घरून वापरायचं लॉगिन मागून घ्या, लायब्रेरियन सर-मॅडमना असं कोणी विचारलं की खरंच बरं वाटतं. खासगी आणि अभिमत वाले ह्या पहिल्या टप्प्यात नाहीत, त्यांची स्वतःची सबस्क्रिप्शन्स असतात, तीही लायब्ररीतच कळतील.

ते जमलं नाही तर पबमेड सेंट्रल, तिथे फुल टेक्स्ट फुकट. मग ब्राउझरला अनपेवॉलचं एक्स्टेंशन टाका, पेपरची कायदेशीर फुकट प्रत कुठे पडलेली असेल तर ते कुलपाचं चिन्ह हिरवं करून दाखवतं. गूगल स्कॉलरवर पेपरखाली 'ऑल व्हर्जन्स' असतं तेही दाबून बघा. आणि तरीही नाही मिळालं तर कॉरस्पाँडिंग ऑथरला सरळ मेल टाका, चार ओळींचा, आपण कोण आणि कशाला हवाय एवढंच. लोक पाठवतात. बंद पेपर बेकायदा फुकट देणाऱ्या साय-हबबद्दल विचारणार हे माहितीये, ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते ब्लॉक करायचा आदेश दिला, त्यामुळे त्या भरवशावर थिसिस ठेवू नका.

झोटेरो, पहिल्या पेपरपासून

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतोय. पहिला पेपर डाउनलोड करायच्या आधी झोटेरो टाका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. लॅपटॉपवर ॲप, ब्राउझरमध्ये कनेक्टर, वर्डचं बटण ॲपबरोबर आपोआप येतं. पबमेडवर पेपर उघडून कनेक्टर दाबला की नाव, जर्नल, साल सगळं आत. हातात नुसता पीएमआयडी (पबमेडचा नंबर) किंवा डीओआय (पेपरचा कायमचा नंबर) असेल तर वर जादूच्या कांडीसारखं चिन्ह आहे, त्यात नंबर टाका. ३०० एमबी फुकट मिळतात, पण ही मर्यादा फक्त पीडीएफला, रेफरन्स कितीही सिंक होतात. त्यामुळे जागा भरली म्हणून पैसे भरायची घाई नको, पीडीएफ लॅपटॉपवर राहू द्या, वेगळा बॅकअप घ्या.

आत आलेली माहिती बरोबर असेलच असं नाही. टायटल सगळं कॅपिटलमध्ये येतं, जर्नलचं छोटं नाव गायब असतं, गूगल स्कॉलरवरून घेतलं तर आणखी कचरा. आठवड्यातून एकदा बसून साफ करा आणि डुप्लिकेट फोल्डर बघून एकत्र करा. एखादा पेपर रिट्रॅक्ट झाला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ती दिसली की तो पेपर काढून टाका. एमएमआर लस आणि ऑटिझमचा लॅन्सेटमधला १९९८ चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी लोकांच्या रेफरन्समध्ये तो अधूनमधून सापडतोच.

रेफरन्स लिहायची स्टाइल व्हँकूव्हर. सहा लेखकांपर्यंत सगळी नावं, जास्त असतील तर पहिली सहा आणि पुढे 'एट अल', हा नेहमीचा नियम, पण युनिव्हर्सिटीचं किंवा जर्नलचं पत्रक काय म्हणतं ते आधी वाचा. रेफरन्स नंबर हाताने टाइप केलात तर मधे एक पॅराग्राफ घुसला की १४० नंबर परत बदलत बसाल, बटणाने टाकलेले नंबर आपणच सरकतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा, वर्डची फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून गाइडनी करेक्शन केली की झोटेरोचे दुवे तुटतात आणि नंबर नुसते मेलेले आकडे होतात. गाइडना पीडीएफ द्या किंवा वर्डमध्येच कॉमेंट टाकायला सांगा. गूगल डॉक्समध्ये जायचंच असेल तर झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो वापरून जा.

मेंडेलीही चालतं, एंडनोट विकत घ्यावं लागतं. कुठलंही एक धरा आणि मधे बदलू नका.

सॅम्पल साइज: ३८४ चा घोळ

सॅम्पल साइज काढायला ओपनएपी नावाची साइट आहे, फुकट, ब्राउझरमध्येच चालते. तिथे प्रपोर्शनवाल्या पानावर काही न बदलता कॅल्क्युलेट दाबलं तर ३८४ येतं. कारण आधीच भरलेले आकडे असतात ५० टक्के प्रमाण, ५ टक्के एरर आणि दहा लाख लोकसंख्या. म्हणून इतक्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात, ३८४ दिसतं. चूकच असतं असं नाही, आधीचा काहीच डेटा नसेल तर ५० टक्के धरतात, पण आधीचे अभ्यास असताना धरलंत तर व्हायव्हात उत्तर द्यावं लागेल.

नीट करून बघू. आधीच्या अभ्यासात प्रमाण ३० टक्के आहे, तुम्हाला ५ टक्क्यांची ॲब्सोल्यूट एरर चालणार आहे. ओपनएपी ३२३ सांगेल. गाइड हाताने चार पी क्यू भागिले एल स्क्वेअर (पी प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल एरर) करतील, म्हणजे ४ गुणिले ३० गुणिले ७० भागिले २५, उत्तर ३३६. मग भांडण, कोण बरोबर? दोघंही. ओपनएपी १.९६ चा वर्ग ३.८४ घेतं आणि गाइड तो गोळाबेरीज ४ धरतात, एवढाच फरक. पण एरर रिलेटिव्ह २० टक्के म्हणालात तर एल होतो ६ आणि सॅम्पल एकदम २३४ वर येतं. म्हणून एरर ॲब्सोल्यूट की रिलेटिव्ह हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा, आणि आधीचा आकडा कुठल्या पेपरमधून घेतला तेही. मधेच सोडून जाणारे धरायचे असतील तर ३२३ ला ०.९ ने भागा, ३५९ येतात. ३२३ मध्ये १० टक्के मिळवणं वेगळं, त्याने थोडे कमी पडतात.

दोन ग्रुपची तुलना, कोरिलेशन वगैरे असेल तर जी-पॉवर हे सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट. आणि स्टॅटिस्टिशियनकडे आत्ता जा, डेटा झाल्यावर नाही.

एथिक्स आणि सीटीआरआय, पहिल्या पेशंटच्या आधी

बीसीबीआर, म्हणजे बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, आधी उरकून टाका. आयसीएमआर ह्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतल्या एनआयई संस्थेचा ऑनलाइन कोर्स आहे, पीजींना तो करावाच लागतो, व्हिडिओ फुकट आणि परीक्षेची फी. कंटाळवाणा वाटला तरी स्टडी डिझाइनचा भाग खरंच चांगला आहे.

सिनॉप्सिस, मग आयईसीची, म्हणजे संस्थेच्या एथिक्स कमिटीची, मंजुरी, मग सीटीआरआय, मग पेशंट. क्रम हाच. सीटीआरआय हे आयसीएमआरचं रजिस्टर २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आधी नोंदणी चालते, म्हणजे पहिला पेशंट घेऊन झाला की त्या ट्रायलसाठी दार बंद. इंटरव्हेन्शन असलेली पीजी थिसिसही ह्यातच येते, फॉर्ममध्ये पीजी थिसिसचा वेगळा रकानाच आहे. ऑब्झर्व्हेशनल असेल तरी नोंदवता येते. आयईसीचं पत्र अपलोड करावं लागतं, फॉर्म मोठा आहे, एका बैठकीत होत नाही, सेव्ह करत करत भरा. त्यांच्याकडून शंका परत येतात, आऊटकम नीट लिहिला नाही, ब्लाइंडिंग कसं केलं ते सांगा असलं काहीतरी, त्यामुळे हाताशी काही आठवडे ठेवा आणि एनरोलमेंटची तारीख पुढची टाका. नोंदणी नसेल तर चांगली जर्नल्स ट्रायल दारातूनच परत पाठवतात.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करत असाल तर सीटीआरआय नाही, प्रॉस्पेरो हे रिव्ह्यूंचं रजिस्टर. तिथेही आधीच नोंदवायचं, आणि स्कोपिंग रिव्ह्यू ते घेत नाहीत.

डेटा: फॉर्म मराठीत, फाइल साधी

ओपीडीत बसून कागदी प्रोफॉर्मा भरायचा आणि रात्री एक्सेलमध्ये चढवायचा, यात दोनदा चुकायची संधी. वाडीवस्तीवर, रुरल सेंटरला सर्व्हे असेल तर कोबोटूलबॉक्स घ्या. अँड्रॉइडवर नेट नसतानाही भरता येतो, रेंज आली की पाठवतो. गूगल फॉर्म तिथे लटकतो. कोबोत एकाच फॉर्मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा ठेवता येतात, आशाताईंना मराठी दिसेल आणि तुमच्याकडे कोड इंग्रजीत येतील. वयाला १८ ते ९९ ची मर्यादा घाला म्हणजे ३५ च्या जागी ३५५ पडणार नाही. 'तंबाखू खाता का' ला नाही आलं की पुढचे तंबाखूचे प्रश्न उघडूच नयेत असं लावा. आधी पाच-सहा लोकांवर फॉर्म चालवून बघा, कागदावर छान वाटलेला प्रश्न तोंडाने विचारला की फसतो. लोकेशन गरज नसेल तर बंद ठेवा. आणि डाउनलोड करताना लेबलऐवजी कोड असलेली एक्सेल घ्या, मराठी उत्तरांवर ॲनालिसिस करत बसायला नको.

हॉस्पिटलमधला फॉलोअप असेल तर तुमच्या संस्थेत रेडकॅप हे डेटा भरायचं सॉफ्टवेअर आहे का विचारा. ना-नफा संस्थांना लायसन्स फुकट असतं, सर्व्हर मात्र संस्थेचा लागतो.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटचा एकत्र तक्ता, कशातही करा, पण एक ओळ एक पेशंट, एक कॉलम एक गोष्ट. बीपी १४०/९० एकाच खान्यात नको, सिस्टोलिक वेगळा, डायस्टोलिक वेगळा. मर्ज केलेले खाने, 'पिवळा म्हणजे डायबिटिक' असले रंग, 'साधारण ६०', हे सगळं स्टॅटिस्टिशियनचं बीपी वाढवतं. जेनेटिक्सवाल्यांनी आणखी सांभाळायचं, एक्सेल मार्च१ नावाच्या जीनची तारीख करून टाकतं, हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये नाव ठरवणाऱ्या कमिटीनेच अशा जीन्सची नावं बदलली. पेशंटचं नाव आणि मोबाइल ह्या फाइलमध्ये नाहीच, फक्त स्टडी नंबर. नंबर आणि नाव जोडणारी यादी वेगळी, पासवर्डमध्ये. व्हॉट्सॲपवर मास्टर चार्ट फिरवणं बंद करा राव.

ॲनालिसिसला जामोवी. फुकट, एक्सेल सरळ उघडतं, मेन्यूतून क्लिक करून टेस्ट होतात आणि आतून आर ही स्टॅटिस्टिक्सची भाषा चालते. क्रॅक केलेलं एसपीएसएस वापरायची आता काहीच गरज नाही.

लिहिताना

इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर जाऊन आपल्या डिझाइनची चेकलिस्ट उचला, ऑब्झर्व्हेशनलला स्ट्रोब, ट्रायलला कन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा. लिहून झाल्यावर नाही, मेथड्स लिहायला बसतानाच समोर ठेवा.

एआयचं म्हणाल तर इंग्रजी सुधारायला, आर किंवा एक्सेलचा फॉर्म्युला समजून घ्यायला मस्त. रेफरन्स मागाल तर लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर अस्तित्वातच नाही असलं नग बनवून देतो. एकूणएक रेफरन्स पबमेडवर उघडून बघा. नोटबुकएलएमसारखी टूल्स तुम्ही दिलेल्या पीडीएफमधूनच उत्तर देतात म्हणून जरा बरी, तरी मूळ ओळ वाचायचीच. पेशंटचा डेटा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेवरचं नाव त्यात टाकायचं नाही. मेडिकल जर्नल एडिटर्सच्या आंतरराष्ट्रीय कमिटीचा नियम साफ आहे, एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापरलं तर सांगावं लागतं.

प्लेजरिझमला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण टक्के कमी करायला शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर वापरली की 'ब्लड प्रेशर'चं 'रक्ताचा ताण' छाप काहीतरी होतं आणि एक्झामिनर हसतात. पेपर वाचा, बंद करा, स्वतःच्या शब्दांत लिहा.

जर्नल निवडताना

"डिअर एमिनंट रिसर्चर" असा मेल आला की डिलीट. चार दिवसांत ॲक्सेप्टन्स देणाऱ्याला रिव्ह्यूअर नसतात, गिऱ्हाईक असतं. यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादी दाखवून कोणी जर्नल खपवत असेल तर ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केलीये, आणि गंमत अशी की यूजीसीसाठी जर्नल तपासायचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. आता तपासणी स्वतःच करायची.

पबमेडवाल्याच नॅशनल लायब्ररीचा एनएलएम कॅटलॉग उघडा, जर्नलचं नाव टाका, 'सध्या मेडलाइनमध्ये इंडेक्स' (मेडलाइन म्हणजे ह्या लायब्ररीने निवडलेल्या जर्नल्सचा संग्रह) असं लिहिलंय का बघा. पबमेडमध्ये एखादा पेपर दिसतो म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं नाही, हा गैरसमज फार आहे, बरेच पेपर पबमेड सेंट्रलच्या वाटेने तिथे दिसतात. ओपन ॲक्सेस असेल तर डीओएजे ह्या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या यादीत शोधा. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटचाच खरा, बाकी 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर' वगैरे घरचे. मग एडिटोरियल बोर्डातल्या दोघातिघांची नावं शोधून ती माणसं खरंच त्या विषयातली आहेत का बघा. फी किती आणि कधी भरायची हे साइटवर उघड लिहिलेलं पाहिजे. प्रमोशनसाठी एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) कुठलं इंडेक्सिंग चालतं ते एनएमसीच्या कागदावरच वाचा, जर्नलच्या होमपेजवरच्या लोगोंच्या गर्दीवर नाही.

सबमिट करायच्या आधी ऑर्किड आयडी काढा, १६ आकडी नंबर, फुकट, पाच मिनिटांचं काम. एकाच आडनावाचे आणि इनिशियलचे इतके डॉक्टर आहेत की देशपांडे एस. नावाने पबमेडवर कोणाचे पेपर कोणाचे कळतच नाही. लग्नानंतर नाव बदललं तरी नंबर तोच.

यूजीवाल्यांसाठी, थोडक्यात

तुम्हाला यातलं बरंचसं आत्ता लागत नाही. पाठांतराला अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे. दुसऱ्याचे तयार डेक घेऊ नका, स्वतः कार्ड लिहिण्यातच निम्मा अभ्यास होतो. वाचायला एनसीबीआय बुकशेल्फवरचं स्टॅटपर्ल्स, एक्स-रे आणि सीटीला रेडिओपीडिया, आणि इंटर्नशिपमध्ये आयसीएमआरचं स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो हे ॲप, एकेका आजाराचं एका पानात काय करायचं आणि कधी वर पाठवायचं ते दिलंय, नाइट ड्यूटीला उपयोगी पडतं. औषधाने रिॲक्शन आली तर फार्माकोव्हिजिलन्सच्या १८००-१८०-३०२४ ह्या टोल फ्री नंबरवर कळवता येतं, किंवा सरळ तुमच्या फार्माकॉलॉजी डिपार्टमेंटला फॉर्म द्या.